वाद्यांच्या लाकडाला पाण्यातले पॉलिश

खंडेनवमी जवळ आली, की घरोघरची वाद्ये गवसणीतून बाहेर निघतात. पावसाळाभर कोपऱ्यात उभ्या असलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पांढुरके, धुरकट डाग पडलेले असतात. तबल्याच्या खोडावरचे पॉलिश जागोजागी उडालेले असते आणि पेटीच्या झाकणावर कधीतरी ठेवलेल्या कपाची गोल खूण उमटलेली असते. अशा वेळी वाद्याला नव्याने पॉलिश करावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. रंगाच्या दुकानात आता स्पिरिटच्या पॉलिशबरोबरच पाण्यावर आधारलेले पॉलिशही मिळते. त्याला उग्र वास नाही, ते चटकन पेट घेत नाही, कापडाने पुसल्यासारखे लावता येते आणि हात पाण्याने धुता येतात. त्यामुळे हौशी वादकांचा ओढा या पॉलिशकडे वाढणे समजण्यासारखे आहे.

मात्र वाद्य म्हणजे टेबल किंवा कपाट नव्हे. टेबलाचे पॉलिश बिघडले तर ते खरवडून पुन्हा करता येते. वाद्याच्या पातळ तबलीवरून एकदा जास्त लाकूड घासले गेले, की ते परत येत नाही. वाडवडिलांनी वापरलेल्या वाद्याचा स्वर एका रविवारच्या उत्साहात कायमचा बदलू शकतो. म्हणूनच हे पॉलिश म्हणजे नेमके काय, ते कोणत्या वाद्याला चालते, कोणत्या वाद्याला लावू नये आणि लावायचेच झाले तर कोणत्या क्रमाने, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पॉलिश कशासाठी?

वाद्याच्या लाकडाला लेप देण्याची मुख्य कारणे तीन. हाताचा घाम, तेल आणि धूळ लाकडात मुरू नये, हे पहिले. हवेतील दमटपणा लाकडात एकदम शिरू किंवा बाहेर पडू नये, हे दुसरे. लाकडाचा रंग आणि त्यावरील रेषा खुलून दिसाव्यात, हे तिसरे.

यातील दुसऱ्या कारणाबद्दल अनेक गैरसमज आहेत. कोणतेही पॉलिश लाकडाला दमटपणापासून पूर्णपणे तोडत नाही. ते त्याची ये-जा फक्त मंद करते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडातील पाण्याचे प्रमाण कालांतराने सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण सुमारे १६ टक्के होते. कोकणपट्टीतील पावसाळ्यात वाद्ये फुगतात, खुंट्या घट्ट बसतात आणि तबली किंचित वर येते, ती यामुळेच. पॉलिश हा फरक एका दिवसाऐवजी अनेक दिवसांवर पसरवते. लाकडाला सावरायला अवधी मिळतो आणि चिरा जाण्याची शक्यता कमी होते.

स्वराच्या दृष्टीने पाहिले, तर पॉलिशमुळे लाकडाचे वजन थोडे वाढते आणि त्याचे कंपन थोडे दबते. सतार, तंबोरा, व्हायोलिन वा गिटार यांची वरची पाटी काही मिलिमीटरच जाड असते. तिच्यावर जाड थर चढला, तर आवाज कोंडल्यासारखा होतो. चांगल्या गिटारवरील लेपाची एकूण जाडी मिलिमीटरच्या एक-दशांशाच्या आसपास, म्हणजे साध्या कागदाइतकी ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. तबला-पखवाजाच्या खोडाचे किंवा पेटीच्या खोक्याचे लाकूड जाड असल्याने तेथे हा प्रश्न तितका नाजूक नाही.

लाखेची परंपरा

भारतीय वाद्यांचे पारंपरिक पॉलिश लाखेचे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर जगणारा लाखेचा किडा आपल्या अंगाभोवती राळेसारखे द्रव्य स्रवतो. ते खरवडून, वितळवून आणि गाळून चपडा तयार होतो. देशात लाखेच्या उत्पादनात झारखंड अग्रेसर आहे. लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळील नामकुम येथे १९२४ मध्ये स्थापन झाली. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, तो कापसाच्या पुरचुंडीने गोल गोल हात फिरवत थरावर थर चढवण्याची पद्धत सर्वत्र ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून ओळखली जाते.

महाराष्ट्रात वाद्यनिर्मितीचे नाव काढले की मिरज आठवते. तेथे तंतुवाद्ये घडवण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झाली. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांचे नाव या परंपरेच्या प्रारंभाशी जोडले जाते. मंगळवेढा परिसरातील भोपळे, कर्नाटकातील जंगलांतून येणारे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले हात यांतून तेथील सतार आणि तंबोरा घडतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दांडीवर व भोपळ्यावर पूर्वी हस्तिदंताचे नक्षीकाम होत असे. पुढे त्याची जागा सेल्युलॉइडने घेतली. पॉलिश करणाऱ्याने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण थिनर आणि अ‍ॅसिटोन यांत सेल्युलॉइड विरघळते. जुने पॉलिश काढण्यासाठी थिनरचा बोळा फिरवला आणि पट्टीवरची नक्षी चिकट होऊन फिसकटली, तर ते नुकसान भरून निघत नाही.

लाखेच्या पॉलिशचे गुण मोठे आहेत. ते अतिशय पातळ बसते, लाकडाला ऊबदार झाक देते आणि नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे शंभर वर्षांच्या वाद्याचीही दुरुस्ती जोड न दिसता करता येते. दोषही तितकेच स्पष्ट आहेत. पाणी आणि ओल यांनी त्यावर पांढरे डाग पडतात, उष्णतेने ते मऊ होते, आणि अत्तर वा सॅनिटायझरमधील अल्कोहोलचा थेंब पडला तर तेथेच विरघळते. विरघळवून ठेवलेला चपडा काही महिन्यांनी शिळा होतो. त्याचा थर नीट वाळत नाही, चिकट राहतो.

शिवाय काम करणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न आहेच. पॉलिशसाठीच्या मेथिलेटेड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असते. बंद खोलीत त्याची वाफ सतत हुंगणे शरीराला घातक आहे. लॅकर आणि मेलामाइन यांच्या थिनरची वाफ तर याहूनही उग्र असते आणि ठिणगीने भडकते. ज्यांचे सारे आयुष्य पॉलिशच्या पुरचुंडीवर जाते, त्या कारागिरांच्या दृष्टीने पाण्यावर आधारलेल्या पॉलिशचा विचार करण्याचे हे सर्वांत सबळ कारण ठरते.

पाण्यातले पॉलिश म्हणजे काय?

दुकानात ‘वॉटर बेस’ म्हणून मिळणारे हे पॉलिश डब्यात दुधासारखे पांढरट दिसते. त्यात अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते पाण्यात विरघळलेले नसतात. त्याबरोबर थोड्या प्रमाणात सावकाश उडणारे द्रावक असते. थर दिल्यावर आधी पाणी उडते आणि कण एकमेकांना चिकटतात. मागे राहिलेले द्रावक त्यांना मऊ करते, कण एकमेकांत मिसळतात आणि अखंड, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. शेवटी द्रावकही उडून जाते आणि पापुद्रा कठीण होतो.

ही क्रिया समजली की पुढच्या बहुतेक सूचनांची कारणे आपोआप कळतात. हवा फार दमट असेल, तर पाणी वेळेत उडत नाही आणि थर धुरकट राहतो. हवा फार थंड असेल, तर कण मऊ होत नाहीत आणि पापुद्रा भुसभुशीत बनतो. ऊन किंवा पंख्याचा थेट झोत असेल, तर वरचा भाग आधी सुकतो आणि बुडबुडे आत अडकतात. साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्क्यांहून कमी आर्द्रता हे दिवस कामाला योग्य. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम टाळावे. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मात्र देशावर थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर काम सुरू करू नये.

लाखेच्या तुलनेत हा लेप घाम, पाणी आणि ओरखडे यांना अधिक दाद देत नाही, तसेच काळाबरोबर फारसा पिवळा पडत नाही. पण त्यात दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे तो लाकडाला रंग देत नाही. तूण, शिसम अशा गडद लाकडावर तो थोडा फिका, थंड, कधी निळसर दिसतो. दुसरी अधिक महत्त्वाची. वाळलेला थर पुन्हा विरघळत नाही. नवा थर जुन्यावर बसतो, त्यात मिसळत नाही. त्यामुळे पुढे दुरुस्ती करताना जोड दिसण्याची शक्यता राहते आणि तो काढायचा झाल्यास घासण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

कोणत्या वाद्याला लावू नये?

वरील दुसऱ्या उणिवेमुळे एक नियम कटाक्षाने पाळावा. जुन्या, मौल्यवान किंवा नामांकित कारागिराने घडवलेल्या वाद्याला घरी नवे पॉलिश करू नये. संग्रहालयांत जुन्या वस्तूंची निगा राखताना, केलेला उपाय पुढे काढून टाकता आला पाहिजे, हे तत्त्व पाळले जाते. वाद्याच्या बाबतीतही तेच शहाणपणाचे आहे. दांडीवर जेथे वर्षानुवर्षे हात फिरला, तेथील झिजलेले पॉलिश हा त्या वाद्याच्या इतिहासाचा भाग असतो. असे वाद्य कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. अधिक काही करायचे असेल, तर ते लाखेत काम करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावे.

व्हायोलिनचा प्रकार आणखी वेगळा. त्याचे व्हार्निश हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. क्रेमोनाच्या आंतोनियो स्त्रादिवारीच्या (मृत्यू १७३७) व्हार्निशमध्ये काही गुप्त द्रव्य असावे, अशी समजूत दीर्घकाळ होती. त्याच्या पाच वाद्यांच्या लेपाची तपासणी करून फ्रेंच आणि जर्मन संशोधकांनी २००९ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्या काळच्या चित्रकारांनाही ठाऊक असलेले वाळणारे तेल, राळ आणि रंगद्रव्ये एवढेच आढळले. रहस्य द्रव्यात नव्हते, तरीही जुन्या व्हायोलिनचे व्हार्निश खरवडले की त्याचे मोल घसरते. शिवाय व्हायोलिनच्या सर्व तारा एकदम काढल्या, तर आतील आधाराची काडी पडू शकते. ती केवळ दाबावर उभी असते.

मग हे पॉलिश कोणासाठी? नव्याने घडवलेली आणि अजून लेप न दिलेली वाद्ये, हौसेने केलेली गिटार किंवा युकुलेले, तबला-पखवाज-ढोलकीची खोडे, पेटीचे बाहेरील खोके, तंबोऱ्याची पेटी, वाद्य ठेवण्याचे स्टँड आणि सरावासाठीची साधी वाद्ये. येथे चूक झाली तरी फार मोठे नुकसान होत नाही आणि हात बसण्यास मदत होते.

आधी ओळख, मग काम

वाद्यावर आधीचे पॉलिश असेल, तर ते कोणते हे पाहावे. सहज न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काहीच झाले नाही आणि लॅकर थिनरच्या थेंबाने मऊ पडले, तर लॅकर. दोहोंनाही दाद दिली नाही, तर मेलामाइन, पीयू किंवा जुने, पक्के वाळलेले तेलाचे व्हार्निश असण्याची शक्यता. सेल्युलॉइडच्या नक्षीजवळ ही चाचणी करू नये.

लाखेवर थेट पाण्यातले पॉलिश देताना एक अडचण येते. साध्या चपड्यात सुमारे पाच टक्के नैसर्गिक मेण असते आणि मेणावर पाण्यातले पॉलिश नीट धरत नाही. काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. मेण काढून टाकलेली लाख मात्र उत्तम दुवा ठरते. ती लाकडालाही धरते आणि तिच्यावर नवा थरही बसतो. नव्या लाकडावर तिचा एक पातळ हात आधी दिला, तर लाकडाला हवी ती ऊबदार झाकही मिळते.

वाद्याचे काही भाग मुळीच लेपू नयेत. घोडी आणि तिच्यावरील जवारी, खुंट्यांचा भोकात बसणारा निमुळता भाग, व्हायोलिनची बोटपट्टी, शिसमाची बोटपट्टी असलेल्या गिटारचे पडदे, पेटीचे सूर आणि भाता, तबल्याची पुडी व वादी, तसेच पोकळ वाद्याची आतली बाजू, हे सारे भाग कोरडे राहिले पाहिजेत. काढता येतील ते भाग काढावेत आणि उरलेल्यांवर मास्किंग टेप लावावी. तारा एकदम न सोडता हळूहळू सैल कराव्यात. जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने जोडलेले असू शकतात आणि सरस पाण्याने सुटतो. म्हणून सांध्यात ओल साचू देऊ नये. सांधा हलत असेल, तर आधी त्याची दुरुस्ती करून घ्यावी.

लाकडाची तयारी

पॉलिशचे निम्म्याहून अधिक यश तयारीत असते. पॉलिश पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवा न फिरवता चालवावा. १२० नंबरपासून सुरुवात करून १५०, १८० आणि २२० असे क्रमाने जावे. वाद्याचे लाकूड आधीच गुळगुळीत असेल, तर १८० पासून सुरुवात पुरेशी. तबलीवर आणि कडांवर हात अगदी हलका ठेवावा.

पाण्याचा स्पर्श होताच लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. हे टाळता येत नाही, म्हणून ते मुद्दाम आधीच घडवून आणावे. स्वच्छ फडके पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि त्याने लाकूड एकदा सर्वत्र सारखे पुसावे. काही तास, शक्य तर रात्रभर, ते वाळू द्यावे. मग ३२० नंबरच्या पेपरने उभे राहिलेले तंतू फक्त छाटावेत. जोर देऊन घासल्यास खालचे नवे लाकूड उघडे पडते आणि तेच पुन्हा करावे लागते.

येथे स्टील वूल वापरू नये. त्याचे लोखंडी कण लाकडात अडकतात, पाण्यातल्या पॉलिशने गंजतात आणि सागवान-शिसमासारख्या लाकडातील टॅनिनशी संयोग होऊन काळे ठिपके उमटतात. धूळ झटकण्यासाठी तेलकट किंवा मेणकट फडकेही नको. ओलसर, पिळलेले सुती फडके पुरेसे आहे.

सागवान, शिसम, महोगनी या लाकडांची छिद्रे मोठी असतात. आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल, तर पाण्यावर आधारलेला फिलर घासून ती आधी भरावीत. लाकडाचा नैसर्गिक पोत चालत असेल, तर हा टप्पा गाळता येतो. मेपल आणि स्प्रूस यांना फिलर लागत नाही. रंग द्यायचा असल्यास तो याच वेळी द्यावा आणि मेण काढलेल्या लाखेच्या एका पातळ हाताने तो बंद करावा. अन्यथा पाण्यात विरघळणारा रंग पहिल्याच पुसण्याने फडक्यावर येतो.

कापडाने लावण्याची पद्धत

डबा जोराने हलवू नये, बुडबुडे होतात. लाकडी काडीने तळापासून सावकाश ढवळावे आणि लागेल तेवढेच पॉलिश बारीक नायलॉनच्या जाळीतून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे. उरलेले पुन्हा डब्यात ओतू नये. पॉलिश दाट वाटले, तर उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच स्वच्छ पाणी घालावे. पाणी अति झाले, तर कणांची गुंफण बिघडते.

धागे न सुटणाऱ्या, अनेकदा धुतलेल्या मलमलीचा तुकडा घ्यावा. तो पाण्यात भिजवून घट्ट पिळावा आणि कडा आत जातील अशी सपाट घडी करावी. घडीचा तळ पॉलिशमध्ये बुडवावा; फडके ओले असावे, पण गळू नये. लाकडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रेषांच्या दिशेने, एकाच लांब हाताने पुसत जावे. पुढचा हात आधीच्या हातावर थोडा चढवावा. एकदा पुसलेल्या जागी परत जाऊ नये. पाण्यातले पॉलिश काही मिनिटांतच ओढू लागते आणि अर्धवट सुकलेल्या थरावर फडके फिरले, तर रेघा उमटतात. राहून गेलेली जागा पुढच्या हाताला भरून निघते.

भोपळ्यासारख्या गोल भागावर दांडीच्या बाजूने सुरुवात करून खाली उतरत जावे आणि त्याचे मनाने तीन-चार भाग पाडून एकेक भाग पुरा करावा. खालच्या फुगवट्यावर ओघळ जमत नाहीत ना, हे तिरप्या उजेडात पाहावे. तबल्याचे खोड उभे ठेवून वरून खाली पुसावे. गिटारची मान, पाठ, कडा आणि शेवटी वरची पाटी असा क्रम ठेवला, की सर्वांत नाजूक भागाकडे येईपर्यंत हात बसलेला असतो.

पहिला हात साधारण दोन तासांत पुढच्या कामाला तयार होतो. दमट दिवशी अधिक वेळ द्यावा. दिवसाला तीनपेक्षा जास्त हात देऊ नयेत. कापडाने बसणारा थर फार पातळ असतो. ब्रशच्या एका हाताइतकी जाडी येण्यास कापडाचे दोन-तीन हात लागतात. म्हणून एकूण सहा ते आठ हात गृहीत धरावेत; तबलीवर किंवा गिटारच्या वरच्या पाटीवर मात्र त्याहून कमी हातांवर थांबावे. दर दोन-तीन हातांनंतर ४०० नंबरच्या पेपरने हलकेच घासून धूळ पुसावी. घासताना वरचा थर फुटून खालचा उघडा पडला, तर तेथे नकाशातील सीमारेषेसारखी रेघ दिसते, कारण थर एकमेकांत विरघळत नाहीत. कडांवर हे हमखास घडते; तेथे पेपर न लावणेच इष्ट.

वाळणे आणि पक्के होणे

हाताला कोरडे लागणे आणि पक्के होणे यांत मोठा फरक आहे. लेप तासाभरात कोरडा लागतो, परंतु पूर्ण कठीण व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. या काळात वाद्य गवसणीत घालू नये, रबरी पाय असलेल्या स्टँडवर ठेवू नये आणि त्यावर कापड बांधू नये. खुणा कायमच्या उमटतात. तारा चढवून सूर लावण्याची घाईही करू नये. खंडेनवमीला वाद्य पूजेत ठेवायचे असेल, तर त्याच आठवड्यात पॉलिश उरकण्याऐवजी वाद्य पुसून पूजेत ठेवावे आणि काम नंतरच्या कोरड्या दिवसांत करावे.

आरशासारखी चकाकी हवी असल्यास, लेप पक्का झाल्यावर ८०० ते १२०० नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात घासून पॉलिशिंग कंपाउंड फिरवता येते. परंतु कापडाने दिलेला थर पातळ असल्याने तो सहज फुटतो. त्यामुळे सौम्य झळाळीचा, म्हणजे ‘सॅटिन’ प्रकार निवडणे आणि शेवटचा हात आहे तसा सोडणे अधिक सुरक्षित. अशी मंद झळाळी असलेल्या मानेवरून अंगठा सहज सरकतो, हा आणखी एक फायदा.

बिघडले तर

थर धुरकट दिसत असेल, तर दमट हवा किंवा जाड हात हे कारण. काही दिवस कोरड्या जागी ठेवल्यास तो पुष्कळदा निवळतो. माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडले, तर खाली मेण, तेल किंवा फर्निचर चमकवण्याच्या स्प्रेमधील सिलिकोन आहे, असे समजावे. अशा वेळी नवे हात देत राहणे व्यर्थ. वाळल्यावर घासून पृष्ठभाग स्वच्छ करावा आणि मेण काढलेल्या लाखेचा हात देऊन पुन्हा सुरुवात करावी. रेघा उमटल्या, तर फडके कोरडे पडले होते किंवा हात परत फिरला होता. ओघळ ओला असताना पुसू नये; पूर्ण वाळल्यावर तो ४०० नंबरच्या पेपरने सपाट करावा.

सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे नमुना. ज्या लाकडाचे वाद्य, त्याच लाकडाच्या तुकड्यावर सर्व टप्पे आधी करून पाहावेत आणि तो तुकडा आठवडाभर ठेवून तपासावा. नखाने दाबून, पाण्याचा थेंब ठेवून आणि चिकटपट्टी लावून एकदम ओढून पाहिले, की लेप धरतो की नाही, ते कळते.

निर्धोक, पण पूर्णपणे नव्हे

पाण्यातले पॉलिश स्पिरिट वा थिनरच्या मानाने सौम्य असले, तरी त्यातही रासायनिक द्रावके असतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि घासताना नाकातोंडावर मास्क लावावा, कारण शिसमासारख्या लाकडाची धूळ अनेकांना बाधते. दोन डब्यांत मिळणाऱ्या प्रकारातील कडक करणाऱ्या द्रव्यात आयसोसायनेट असू शकते आणि ते श्वसनाला अपायकारक आहे. घरगुती कामासाठी एकाच डब्याचे पॉलिश घ्यावे. उरलेले पॉलिश मोरीत ओतू नये; ते कागदावर पसरून वाळल्यावर कचऱ्यात टाकावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यातल्या पॉलिशच्या फडक्यांना हा धोका नाही, पण घरात दोन्ही प्रकार असतील, तर सर्वच फडकी पसरून वाळवण्याची सवय चांगली.

थोडक्यात

• जुने किंवा मौल्यवान वाद्य असल्यास घरी पॉलिश करू नये. जाणत्या कारागिराला दाखवावे.
• आधीचे पॉलिश कोणते, याची चाचणी करूनच काम हाती घ्यावे.
• मेणयुक्त लाखेवर थेट हात देऊ नये.
• स्टील वूल, मेणकट फडके आणि सेल्युलॉइडजवळ थिनर टाळावे.
• हात पातळ द्यावेत, परत फिरू नये. तबलीवर सर्वांत कमी हात द्यावेत.
• पावसाळ्यात काम सुरू करू नये. पक्के होण्यास चार आठवडे द्यावेत.
• आधी तुकड्यावर, मग वाद्यावर.